भांडायला कुणीतरी हवं होतं

"इतकं सगळं झालं, तरी तुमचा देवावर विश्वास राहिला कसा?" भाऊ गेल्यापासून हे मला बऱ्याच जणांनी विचारलंय. काहींना उत्तर नको असतं, वाद हवा असतो. तिथे मी विषय बदलते. पण गेल्या आठवड्यात ओळखीच्या एका बाईंनी फोनवर विचारलं. त्यांचे यजमान अकरा दिवस अतिदक्षता विभागात आहेत. आवाज इतका खोल गेलेला, की मला दोनदा "काय म्हणालात?" करावं लागलं. आणि मी, जिला हे वाक्य ऐकून ऐकून वीट आलाय ती मी, म्हणाले, "धीर धरा, सगळं नीट होईल." फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली. आता तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून नीट सांगते.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. 34व्या वर्षी त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून 3 वेळा डायलिसिस, दर वेळी 4 तास. त्यासाठी हातातली धमनी आणि शीर जोडून फिस्टुला करतात. त्यावर बोट ठेवलं की आत रक्ताची थरथर लागते. ती रोज तपासायची, लागली नाही तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. हा सकाळी उठला की डोळे पूर्ण उघडायच्या आत मनगटावर बोट ठेवायचा. "चालू आहे गं ताई," म्हणायचा, मग तोंड धुवायला जायचा.

मी किडनी देणार होते. चाचण्या जुळल्या, तारीख ठरली. त्या दोन वर्षांत मी जे करत होते त्याला प्रार्थना म्हणावं का, याची मला आता शंका येते. अर्जच होता तो. विषय, तपशील, खाली नम्र विनंती. शस्त्रक्रियेला नऊ दिवस उरले असताना त्याला जंतुसंसर्ग झाला, रक्तात पसरला, आणि पाचव्या दिवशी तो गेला. त्याला द्यायची किडनी अजून माझ्याकडेच आहे.

"तुमची प्रार्थना कुठेतरी कमी पडली असेल," असं एकाने मला तोंडावर सांगितलं. वाईट हेतूने नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. पुढे कधीतरी एका अभ्यासाबद्दल वाचलं. हृदयाची बायपास झालेल्या 1802 रुग्णांवरचा हा अमेरिकेतला अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या काहींसाठी अनोळखी माणसं प्रार्थना करत होती. तरी गुंतागुंत जवळपास सारखीच: प्रार्थना झालेल्यांत 52 टक्के, न झालेल्यांत 51. आपल्यासाठी नक्की प्रार्थना चालली आहे हे ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात उलट 59 टक्के. श्रद्धाळू बाईला हे वाचून वाईट वाटायला हवं. मला हलकं वाटलं. प्रार्थना म्हणजे औषध नव्हे, की डोस कमी पडला म्हणून रोगी दगावला.

तो गेल्यावर कित्येक महिने मी देवाशी बोललेच नाही. मग एका रात्री न्हाणीघरात, घरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून, मी त्याला शिव्या घातल्या. मोठ्याने, नाव घेऊन. बादली भरून वाहायला लागली तरी माझं चालूच. दमले तेव्हा लक्षात आलं, की मी पुन्हा बोलायला लागलेय. आता तुम्ही म्हणाल, माणूस भिंतीशीही भांडतो. खरंय. देव आहे याचा हा पुरावा नव्हे, आणि तुम्हाला तो पटवून द्यायचा माझा विचारही नाही. पण विश्वास राहिला कसा, असं विचाराल तर असाच राहिला. जाब विचारायला समोर कुणीतरी असावं लागतं, आणि ते मला सोडवेना.

मग मला आपल्या तुकोबांची नव्याने ओळख झाली. 1630च्या दुष्काळाने त्यांचा व्यापार बुडाला, पहिली बायको अन्न अन्न करत गेली. हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. शाळेत आपल्याला शांत, हसरे तुकाराम भेटतात. 'माझे लेखीं देव मेला' म्हणणारे तुकोबा फारसं कुणी भेटवत नाही. आणि हे बोलल्याबद्दल कुणी त्यांना संतपदावरून उतरवलं नाही. बायबलमध्येही तसंच. 150 स्तोत्रांत कितीतरी नुसत्या तक्रारी आहेत, आणि 88वं स्तोत्र तर शेवटी अंधारातच थांबतं, दिलाशाची एक ओळ नाही. प्रार्थनेच्या पुस्तकात ते कुणीतरी घातलं आणि दोन हजारांहून जास्त वर्षं कुणी काढलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

एक इशारा मात्र द्यायला हवा. 2001 सालच्या एका अभ्यासात 55 वर्षांवरच्या 596 रुग्णांकडे दोन वर्षं लक्ष ठेवलं होतं. देवाने आपल्याला टाकलं, असं ज्यांच्या मनाने घेतलं होतं, त्यांच्यात मृत्यूचा धोका अधिक दिसला. त्यांच्यावर झालेल्या पुढच्या कामात दिसलं, की हा झगडा मनात मुरत राहिला की जास्त जाच होतो. तेव्हा भांडा, पण कोंडून ठेवू नका. देवाला सांगा, शिवाय एखाद्या माणसालाही सांगा. मी समुपदेशकाकडे सात महिने गेले. श्रद्धा असलेल्याने तिथे जाऊ नये, असं मानणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, तेवढा वेळ नाही माझ्याकडे.

आशेचं म्हणाल तर भाऊ पुढच्या वर्षाचं कधीच बोलत नसे. डायलिसिसवरचा माणूस 'परवा'च्या हिशेबाने जगतो. परवा नंबर, तोपर्यंत पाणी मोजून. आधी मला त्याची कीव यायची. आता माझी आशाही तेवढीच लांब आहे. सगळं नीट होईल असं मला वाटत नाही, तशी हमी मला कुणी दिलेली नाही. परवापर्यंत मी एकटी नाही, इतपत वाटतं.

माझी प्रार्थनाही आखूड झालीय. सकाळी उठल्यावर नुसतं बोट ठेवून बघायचं, चालू आहे ना. पुष्कळदा काहीच लागत नाही. मदर तेरेसांची पत्रं 2007 साली, त्यांच्यामागे 10 वर्षांनी, प्रसिद्ध झाली तेव्हा कळलं, की आयुष्याची जवळपास 50 वर्षं त्यांनाही आत काही जाणवत नव्हतं. तरी त्या रोज उठून कामाला लागत होत्या. मी मदर तेरेसा नाही, पण न लागणाऱ्या सकाळी हे आठवतं.

बायबलमधल्या ईयोबाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. मुलं गेली, संपत्ती गेली, अंगभर फोडं आली. त्याचे मित्र भेटायला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द न बोलता. तोंड उघडून शहाणपण सांगायला लागले तेव्हा ते बिघडले. शेवटी देव रागावतो तो त्यांच्यावर, भांडणाऱ्या ईयोबावर नाही.

त्या बाईंना उद्या सकाळी भेटायला जाणार आहे. अतिदक्षता विभागाबाहेर बाकडं असतं, तिथे त्यांच्याशेजारी बसेन. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही.