पंचवीस वर्षांच्या व्हिस्कीपुढे बसताना

आमच्या घरात पिणारी मी आणि गाडी चालवणारा नवरा, त्यामुळे ॲबर्डीनहून स्पेसाइडला, म्हणजे स्कॉटलंडच्या व्हिस्कीच्या मुलखात, निघताना वाद झालाच नाही. पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा स्कॉटलंडने डिसेंबर 2014 मध्ये इंग्लंडपेक्षाही खाली आणली. त्यामुळे तिथे बऱ्याच ठिकाणी चालकाच्या वाटणीची व्हिस्की छोट्या बाटलीत भरून देतात.

बेन रिनेस डोंगराच्या पायथ्याची ग्लेनफार्क्लास डिस्टिलरी 1865 पासून ग्रँट कुटुंबाकडे आहे. मद्य गाळायच्या तांब्याच्या प्रचंड भांड्यांखाली (स्टिल) आजही गॅसची आग थेट लागते, आणि माल मुरतो तो मुख्यतः स्पेनहून आणलेल्या ओलोरोसो शेरी या वाइनच्या पिंपांत. चव घ्यायची खोली ‘एम्प्रेस ऑफ ऑस्ट्रेलिया’ जहाजातून काढलेल्या लाकडी फळ्यांनी सजवलेली आहे. समोर दोन ग्लास होते, 15 वर्षांची आणि 25 वर्षांची. सोडा, बर्फ, चकणा यातलं काही नाही. पुण्यात काकांच्या बैठकीत शेंगदाण्यांशिवाय बाटली उघडलेली मी पाहिली नव्हती.

आधी 15. ती 46 टक्के अल्कोहोलची, त्यामुळे नाक थेट ग्लासात घातलं की झिणझिण्या येतात आणि पुढची काही मिनिटं वास कळतच नाही. म्हणून ग्लास हनुवटीपाशी धरून, तोंड किंचित उघडं ठेवून हुंगायचं. मनुका आल्या, पाठोपाठ संत्र्याची साल. घोट लहान घेऊन जिभेवर सगळीकडे फिरवला. पहिल्या घोटाला फक्त तिखटपणा कळतो, त्यावरून मत बनवू नये.

25 ला मात्र घाई चालत नाही. पिंपातल्या प्रत्येक वर्षासाठी ग्लासात एक मिनिट, असा रसिकांचा एक ठोकताळा आहे. मी तितका वेळ थांबले नाही, पण ग्लास बराच वेळ तसाच ठेवला. सुरुवातीला नुसतं जुनं लाकूड आणि पॉलिश. मग खजूर, मग अक्रोड, आणि शेवटी कडू चॉकलेट. आमच्या आजीचं सागवानी कपाट उघडल्यावर असाच एकेक वास मागून बाहेर यायचा.

नंतर पाणी, पण थेंबाने. दोनतीन थेंबांनी वास एकदम मोकळा झाला. स्वीडनच्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी 2017 मध्ये संगणकावर मांडून दाखवलं होतं, की पाणी मिसळलं की ग्वायकॉलसारखे (धुरकट वास देणारं रसायन) वासाचे रेणू पृष्ठभागाकडे येतात. पुढे आणखी पाणी घातलं तेव्हा मात्र मजा गेली. ही आधीच 43 टक्क्यांवर आणलेली असते, ते विसरायचं नाही.

आता माझं मत. 25 ची चव घशात कितीतरी वेळ रेंगाळली, ते श्रेय तिचंच. पण शेवटाला पिंपाच्या ओक लाकडाचा तुरटपणा जरा चढाच लागला, कडक चहासारखा जिभेच्या कडांवर बसला. दर वर्षी पिंपातून साधारण दोन टक्के उडून जातं, त्यामुळे जुन्या मालाची किंमत चढते. चव मात्र त्याच प्रमाणात चढते असं नाही. शिवाय लेबलवरचं वय हे बाटलीतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं असतं, आणि पिंप कसं होतं हे त्या आकड्यावरून कळत नाही. नवऱ्याला म्हटलं, “25 चा आकडा दाखवायला छान आहे, पण आपण 15 च घेऊ.” त्याने किंमत वाचली आणि लगेच मान डोलावली.

बाटली कपाटात उभीच ठेवली आहे. वाइनसारखी आडवी ठेवली, तर इतकं कडक अल्कोहोल बूच खराब करतं. आणि निम्म्याच्या खाली गेली की आतल्या हवेने वास हळूहळू फिका पडतो, त्यामुळे शेवटचे पेग जपून न ठेवता पाहुण्यांना द्यायचे असं ठरलंय. सोडा मागणाऱ्यांसाठी दुसरी बाटली आहे.