हा कायदा घरे मोडतो का?

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 या कायद्यामुळे घरे मोडतात का, असे तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. सोलापूरच्या न्यायालयात कौटुंबिक हिंसाचाराची प्रकरणे चालवू लागल्यापासून लग्नघरी, हळदीकुंकवाला, एकदा तर सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या गर्दीतही मला हाच प्रश्न विचारला गेला आहे: "वकीलबाई, तुमच्या या कायद्याने घरे मोडत नाहीत का?" विचारणाऱ्यांत सासवा पुष्कळ असतात, आणि त्यांच्या मनातली भीती मला खोटी वाटत नाही.

26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झालेला हा अधिनियम नवऱ्याला तुरुंगात धाडण्यासाठी केलेलाच नाही. छळाबद्दल शिक्षा देण्याचे काम पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम 498अ करीत असे आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 85 करते. या कायद्याखाली स्त्री मागते ते मारहाणीपासून संरक्षण, राहत्या घरातली जागा, खर्चाला पैसे आणि मुलांचा तात्पुरता ताबा. सासवांना मी आवर्जून सांगते की मुलाचा मार खाणारी आईही याच कायद्याखाली दाद मागू शकते, आणि 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने कोणाविरुद्ध अर्ज करता येतो याच्या व्याख्येतला 'प्रौढ पुरुष' हा शब्दप्रयोग रद्द केल्यापासून तिचा अर्ज सुनेविरुद्धही चालतो.

सोलापूरच्या पूर्व भागातली एक विडी कामगार काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आली होती. ओळख पटेल असे तपशील मी येथे गाळते आहे. दिवसभर मांडीवर सूप घेऊन ती विड्या वळायची, मजुरीच्या दिवशी नवरा ते पैसे काढून घ्यायचा, आणि तिने विरोध केला की रात्री तिला मुलांसकट दाराबाहेर काढायचा. "मॅडम, त्याला आत टाकू नका," ती म्हणाली, "मला रात्रीचं बाहेर काढू नये, एवढं लिहून घ्या." तिची मजुरी हिसकावणे हाही कायद्याच्या भाषेत आर्थिक छळ आहे, हे तिला तेव्हाच प्रथम कळले. घर सासऱ्याच्या नावावर होते, म्हणून आपला तिथे काहीच हक्क नाही असे ती धरून चालली होती. वास्तविक सामाईक कुटुंबाचे घर सासऱ्याच्या मालकीचे असले तरी सुनेला तेथे राहण्याचा हक्क मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केले आहे.

मग अडले कुठे? कायदा म्हणतो की अर्ज आल्यापासून साधारणपणे तीन दिवसांच्या आत पहिली तारीख द्यावी, नोटीस दोन दिवसांत बजावावी आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. तिच्या प्रकरणात दोन तारखा गेल्या तरी नोटीसच बजावलेली नव्हती, कारण जिच्यावर ती जबाबदारी होती त्या व्यक्तीकडे संरक्षण अधिकाऱ्याचे, म्हणजे या कायद्याखाली स्त्रीला मदत करण्यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याचे, काम आपल्या मूळ कामाच्या जोडीला सोपवलेले होते. प्रत्येक तारखेला तिच्या त्या दिवसाच्या विड्या होत नसत आणि मजुरी बुडत असे. घर मोडत असेल तर ते मला या रखडण्यात मोडताना दिसते, कारण थकलेली बाई एक तर अर्ज सोडून मार खायला परत जाते किंवा माहेर गाठते आणि पुन्हा येत नाही.

म्हणून मला हवी असलेली पहिली सुधारणा शिक्षा वाढवण्याची नाही. सोलापूर जिल्ह्यात अकरा तालुके आहेत; त्या प्रत्येकात केवळ हेच काम करणारा, वाहन आणि कारकून हाताशी असलेला संरक्षण अधिकारी असावा, आणि साठ दिवसांची मुदत ओलांडली तर न्यायालयाने त्याची कारणे नोंदवणे बंधनकारक असावे. दुसरी सुधारणा याच कायद्याच्या कलम 31 मध्ये हवी. आदेश मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद तेथे आहे, पण कलमाचे शब्द संरक्षण आदेश (हिंसाचार करू नये असा मनाई हुकूम) आणि अंतरिम, म्हणजे अंतिम निकालापर्यंतचा तात्पुरता, संरक्षण आदेश यांच्यापुरतेच आहेत. निवासाचा आदेश मिळालेल्या स्त्रीला नवऱ्याने कुलूप बदलून बाहेर ठेवले, तर तिच्या वकिलाला आधी या शब्दांवरच वाद घालावा लागतो. निवासाच्या आदेशाचा उल्लेख त्या कलमात स्पष्टपणे यायला हवा. पोटगी नवऱ्याच्या पगारातून परस्पर वळती करण्याचा आदेशही न्यायालय देऊ शकते. मात्र यंत्रमागावर आठवड्याला रोख मजुरी घेणाऱ्या आणि कारखाने बदलत राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो कागदावरच राहतो, आणि ती बाई थकबाकीच्या वसुलीसाठी पुन्हा नवा अर्ज लिहून घ्यायला येते.

त्या विडी कामगार बाईला अंतरिम आदेश मिळाला, आणि ती अजून त्याच घरात राहते. मजुरी आता ती स्वतः जाऊन घेते. तुमच्या ओळखीत अशी कोणी असेल तर तिला एवढे जरूर सांगा, की अर्ज थेट दंडाधिकाऱ्यांकडे करता येतो, संरक्षण अधिकाऱ्याच्या अहवालावाचून तो अडत नाही, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला विनामूल्य वकील मिळतो, त्यासाठी तिला उत्पन्नाचा दाखला द्यावा लागत नाही.