आमची वाटचाल : भट्टीपासून कॉफीच्या मळ्यापर्यंत

सुरुवातीला आमच्यासाठी कॉफी म्हणजे गोणीतून येणारी कच्ची बी, बस्स. व्यापारी सॅम्पल पाठवायचा, आम्ही भाजून चव घ्यायचो, पटलं की ऑर्डर. धंदा चालतही होता. पण एक गोष्ट सारखी खटकायची, भाजलेली कॉफी ट्रेमध्ये ओतली की तपकिरी बियांमध्ये मधेच काही पिवळट, फिकट बिया दिसायच्या, टेंपरेचर कितीही वरखाली करा, त्यांना रंग चढायचाच नाही, आणि त्यातल्या थोड्या जरी दळल्या गेल्या तरी कपात कागदासारखी कोरडी चव लागायची. धंद्यात यांना क्वेकर म्हणतात. आम्ही हाताने निवडून फेकायचो. शेवटी ठरवलं, मळ्यावर जाऊनच बघू.

तोडणी चालू होती. एकाच फांदीवर हिरवी, पिवळी, लाल फळं शेजारी शेजारी, कारण सगळी फुलं एकाच वेळी फुलत नाहीत आणि फळंही एका वेगाने पिकत नाहीत, अरेबिका या कॉफीच्या प्रकाराला तर फुलापासून सात ते नऊ महिने लागतात. तोडणाऱ्या एका ताईंनी लाल फळ दोन बोटांत नुसतं दाबलं, चिकट गरासकट दोन बिया सटकन हातावर आल्या. मग हिरवं दिलं माझ्याकडे, म्हणाल्या आता तुम्ही दाबा. जोर लावूनही फुटेना. अशा फळात बीमध्ये साखरच पुरेशी भरलेली नसते, मग भाजताना रंग येणार कुठून!

आणि मजुरी किलोवर मिळत असेल तर कोण एकेक लाल फळ शोधत बसेल? फांदी ओरबाडली की टोपली लवकर भरते. यात तोडणाऱ्यांना दोष देण्यात काहीच अर्थ नाही, खरेदी करणाराच पिकलेल्या फळाचे वेगळे पैसे देत नाही ना.

हिशोबही तिथेच नीट कळला. पाच-सहा किलो फळांतून साधारण एक किलो कच्ची बी निघते, भाजताना त्यातलंही १५ ते २० टक्के वजन उडतं. त्याआधी पाण्यात टाकून तरंगणारी फळं काढणं, साल काढणं, गर सुटेपर्यंत आंबवणं, धुणं, आणि मग ओलावा ११ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत दिवसभर हलवत वाळवणं. हे सगळं बघितल्यावर भावात घासाघीस करायला तोंडच उघडत नाही.

तेव्हापासून आम्ही थेट मळ्यावरून घेतो. फक्त पिकलेली फळं तोडायची, त्याचा भाव जास्त, आणि काही रक्कम हंगामाआधीच, कारण मजुरी तोडणी चालू असतानाच द्यावी लागते, आमचे पैसे माल पोचल्यावर येऊन उपयोग काय? ट्रेमधले क्वेकर अगदी संपले नाहीत पण खूप कमी झालेत. आता जाताना छोटा सॅम्पल रोस्टर सोबत नेतो, तिथेच भाजतो, शेतकरी आणि आम्ही एकत्र बसून चव घेतो. एकाच झाडांचे दोन लॉट, एक सावकाश वाळवलेला आणि एक घाईत, दोन्ही कप समोर ठेवले की फरक कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

पुढच्या हंगामात त्यांना थोडी फळं सालासकट वाळवून बघायची आहेत. त्याला तीन-चार आठवडे लागू शकतात, मधे पाऊस आला किंवा बुरशी धरली तर सगळा लॉट जातो. एवढी जोखीम एकट्या शेतकऱ्यावर कशी टाकायची, म्हणून चव कशीही निघो, तो लॉट आम्हीच घ्यायचा असं ठरलंय.