अँड्रॉइड सोडून आयफोन घ्यावा का?

जुन्या अँड्रॉइड फोनची बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नसल्याने नवा फोन घेणे भाग आहे. या निमित्ताने आयफोनकडे वळावे का, एवढाच प्रश्न आहे. फोटो आणि संपर्क सहज हलवता येतात. खरी अडचण व्हॉट्सॲपची आहे, कारण गूगल ड्राइव्हवरील बॅकअप आयफोनवर उतरवता येत नाही. २०२२ पासून ‘मूव्ह टू आयओएस’ या ॲपद्वारे जुनी संभाषणे नेता येतात खरी, पण त्यासाठी आयफोन नवा किंवा रीसेट केलेला असावा लागतो, त्यामुळे हे काम सुरुवातीलाच उरकावे लागते. विकत घेतलेली ॲप्स बहुधा पुन्हा घ्यावी लागतात. आयफोन १५ पासून यूएसबी-सी आल्याने घरातले चार्जर चालतील, हा (आईच्या मते एकमेव) फायदा आहे. तूर्त मी अँड्रॉइडच घेणार आहे.