पासपोर्ट, रिपोर्ट आणि चार जणांची खोली : मालदीव पुन्हा उघडताना

15 जुलै 2020 ला मालदीवने कोरोनामुळे बंद केलेली सीमा परदेशी पर्यटकांसाठी उघडली. तेव्हा क्वारंटाइन नव्हतं, टेस्टचा रिपोर्ट लागत नव्हता, व्हिसा पूर्वीसारखाच विमानतळावर उतरल्यावर फुकट मिळत होता. भारतात तेव्हा जिल्ह्याबाहेर जायलाही ई-पास काढावा लागायचा. सांगलीहून आईचा फोन आला, "तुमच्या सरकारला कळतंय का काही?" मी बा अ‍ॅटॉल या बेटसमूहातल्या एका रिसॉर्टच्या फ्रंट ऑफिसमध्ये काम करते. आईला मी तेव्हा जे सांगितलं तेच आजही सांगेन: उघडण्याचा निर्णय बरोबर होता. पण पाहुण्यांसाठी नियम जितक्या बारकाईने लिहिले गेले, तितक्या बारकाईने आम्हा काम करणाऱ्यांसाठी लिहिले गेले नाहीत. ती उणीव आम्ही वर्षभर सोसली.

निर्णय बरोबर का, तर या देशाकडे पर्यटनाशिवाय फारसं काही नाही. मासेमारी आहे, पण भाज्या, तांदूळ, औषधं, डिझेल सगळं बाहेरून येतं आणि त्यासाठी डॉलर लागतात. डॉलर येतात पर्यटकांकडून. 2019 मध्ये 17 लाख पर्यटक आले होते. मार्च 2020 च्या पहिल्या आठवड्यात एका रिसॉर्टमधले दोन कर्मचारी पॉझिटिव्ह निघाले, तिथे राहून गेलेल्या एका इटालियन पाहुण्याकडून त्यांना लागण झाली होती. 27 मार्चपासून व्हिसा बंद झाला. पुढचे साडेतीन महिने पर्यटकांचा आकडा जवळपास शून्य.

आमच्या बेटावर त्या काळात मोजकी माणसं उरली. मे महिन्यात भारतीय नौदलाचं 'जलाश्व' जहाज राजधानी मालेला आलं आणि 698 भारतीयांना घेऊन कोचीला गेलं. माझे काही सहकारी त्यात होते, मी गेले नाही. एकदा गेलं की परत कधी बोलावतील याची खात्री कुणी देत नव्हतं. बेसिक पगार निम्मा झाला होता आणि सर्व्हिस चार्ज तर बंदच. बाहेरच्यांना हे माहीत नसतं, पण रिसॉर्टमधल्या माणसाची खरी कमाई सर्व्हिस चार्जची असते. पाहुण्यांच्या बिलावरचे दहा टक्के सगळ्या कर्मचाऱ्यांत वाटले जातात. आमच्यातले बरेच जण घरी पाठवायचे ते तेच पैसे. पाहुणा नाही तर तेही नाहीत.

जूनमध्ये तयारी सुरू झाली. मालदीवच्या बाजूने एक मोठी गोष्ट होती ती भूगोलाची. सुमारे बाराशे बेटं, त्यातली दोनशेहूनही कमी वस्तीची, आणि एका बेटावर एकच रिसॉर्ट ही जुनी पद्धत. पाहुणा विमानतळावरून थेट सीप्लेनमध्ये किंवा स्पीडबोटीत बसतो आणि सुट्टी संपेपर्यंत त्याच बेटावर राहतो. गावाशी त्याचा संबंध येत नाही. ज्या देशात पर्यटक रस्त्यारस्त्यांत हिंडतो तिथे हे जमलं नसतं.

पण पाहुणा बेटावर थांबला तरी काम करणारा माणूस थांबत नाही. तो मालेहून येतो. माले हे जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं शहर, जगातल्या सगळ्यात दाट वस्त्यांपैकी एक. परदेशी मजूर, त्यातही बांगलादेशी, तिथे एकेका खोलीत पाळीपाळीने झोपतात. साथ तिथेच पसरली होती आणि आमच्याकडची निम्मी माणसं तिथूनच यायची होती.

सुरुवातीला आमच्या व्यवस्थापनाने जे केलं त्याचं कौतुक केलंच पाहिजे. मालेहून येणाऱ्या प्रत्येकाला बेटावर आल्यावर रिकाम्या गार्डन व्हिलात वेगळं ठेवलं. ज्या पलंगांवरच्या चादरी हाउसकीपिंगची पोरं वर्षानुवर्षं ताणून बसवत आली होती, त्यांवर ती पहिल्यांदाच झोपली. जेवण दारात ठेवलं जायचं, नर्स रोज तापमान घ्यायची, टेस्ट निगेटिव्ह आली की कामावर. हे अगदी नीट चाललं, कारण व्हिला रिकाम्या होत्या.

जुलैअखेर पहिले पाहुणे आले. जेट्टीवर मास्क लावून उभं राहायचं, थर्मामीटर कपाळाशी धरायचा, बॅगांवर जंतुनाशक फवारायचं, पेन प्रत्येक सहीनंतर पुसायचं. बुफे बंद करून जेवण टेबलावर द्यायला लागलो. पाहुणे मात्र व्हिलात पोचले की मास्क काढायचे आणि समुद्रात उतरायचे, कारण त्यासाठीच ते आले होते. ऑगस्टमध्ये देशातल्या काही रिसॉर्टमध्ये पाहुणे आणि कर्मचारी दोघंही पॉझिटिव्ह निघायला लागले. मग 10 सप्टेंबरपासून पर्यटकांना निघण्यापूर्वीच्या पीसीआरचा निगेटिव्ह रिपोर्ट सक्तीचा झाला. आधी 72 तासांच्या आतला, पुढे 96 तासांच्या आतला. हा नियम पहिल्या दिवसापासूनच हवा होता असं माझं मत आहे. थोडे पर्यटक कमी आले असते, पण आम्ही जेट्टीवर निर्धास्त उभे राहिलो असतो.

ऑगस्टमध्येच भारत आणि मालदीवमध्ये एअर बबल, म्हणजे दोन देशांनी आपसात ठरवलेली मर्यादित विमानसेवा, सुरू झाला होता आणि दिवाळीनंतर भारतीय पाहुण्यांची रीघ लागली. युरोप बंद, थायलंड बंद, दुबईखेरीज जायला जागा नव्हती. 2020 मध्ये एकूण साडेपाच लाखांवर पर्यटक आले आणि त्यात भारत पहिल्या क्रमांकावर होता. त्यात मुंबई-पुण्याकडची नवी जोडपी भरपूर. त्यांच्या कागदपत्रांचं काम आपोआपच माझ्याकडे आलं.

कागद दोनच होते. पीसीआर रिपोर्ट आणि 'इमुगा' नावाचा आरोग्याचा ऑनलाइन फॉर्म, जो निघण्याआधीच्या 24 तासांत भरायचा आणि त्याचा क्यूआर कोड माले विमानतळावर दाखवायचा. रिपोर्टवर नाव पासपोर्टवर असेल तसंच हवं, नमुना कधी घेतला ती तारीख हवी, लॅबचं नाव-पत्ता हवा. ऐकायला सोपं आहे. पण आपल्याकडे लग्न होऊन आठवडा झालेली मुलगी लॅबमध्ये गेली, की सोबतचा नवरा किंवा सासरे कौतुकाने सासरचं नाव सांगतात. पासपोर्ट माहेरच्या नावाचा. रिपोर्ट तिसऱ्याच माणसाचा वाटतो! कुणाच्या रिपोर्टवर वडिलांचं नाव मधे, कुणाच्या नाहीच, कुणाचं आडनाव आधी. एका जोडप्याच्या रिपोर्टवर नमुन्याऐवजी फक्त रिपोर्ट छापल्याची तारीख होती.

हे प्रश्न मुंबईच्या काउंटरवर रात्री दोन-तीनला उभे राहायचे आणि फोन मला यायचा. पलीकडे मुलगी रडत असायची. म्हणून मी बुकिंग पक्कं झालं की मराठी पाहुण्यांना मराठीतच मेसेज पाठवायला लागले: लॅबमध्ये पासपोर्ट घेऊन जा, नाव तोंडी सांगू नका, त्यांना पासपोर्ट बघून टाइप करायला सांगा. लग्नानंतर पासपोर्ट बदलला नसेल तर रिपोर्ट माहेरच्या नावानेच. रिपोर्ट आला की निघण्याआधी फोटो काढून मला पाठवा, मी बघते. इमुगा विमानतळावर जाऊन भरू नका, घरी बसून भरा, पासपोर्टचा फोटो तयार ठेवा. गुजराती आणि हिंदी पाहुण्यांसाठीही सहकाऱ्यांनी तसाच मेसेज तयार केला. त्यानंतर मध्यरात्रीचे फोन बरेच कमी झाले. आजही मला वाटतं, त्या हंगामात मी केलेलं सगळ्यात उपयोगी काम तेच.

फेब्रुवारी 2021 मध्ये उलटी बाजू सुरू झाली. भारताने परतणाऱ्या प्रत्येकाला 72 तासांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट सक्तीचा केला. आता घरी जायच्या दोन-तीन दिवस आधी आमच्या क्लिनिकमध्ये नर्स नमुने घ्यायची आणि बर्फाच्या पेटीतून ते मालेला जायचे. सीप्लेन दिवसाउजेडीच उडतं. नमुने शेवटच्या फेरीला चुकले की दुसऱ्या दिवसावर, आणि दुसरा दिवस म्हणजे तासांचं गणित बिघडणार. तिथून पुढे रिपोर्ट येईपर्यंत पाहुणा दर अर्ध्या तासाने रिसेप्शनवर.

आणि कधीतरी रिपोर्ट पॉझिटिव्ह यायचा. अंगात ताप नाही, खोकला नाही, काल संध्याकाळी डॉल्फिन बघून आलेली माणसं. त्यांना जाऊन सांगायचं, की विमान सुटलं, आता तुम्ही या बाजूच्या व्हिलात राहायचं, बाहेर पडायचं नाही, जेवण दारात येईल. नवरा पॉझिटिव्ह आणि बायको निगेटिव्ह असेल तर त्याहून अवघड. एकीने मला विचारलं होतं, "ताई, मी एकटी घरी गेले तर सासूबाई काय म्हणतील?" ती थांबली. मी रोज दुपारी तिच्या व्हिलाच्या कठड्यापाशी दूर उभी राहून तिच्याशी मराठीत गप्पा मारायचे. तेवढंच माझ्या हातात होतं. त्यांचा जादा राहण्याचा खर्च कुणी करायचा हे विमा असेल तर विमा, नसेल तर ज्याचं त्याने असं होतं. आम्ही दर कमी करून घेतला, तरी तो भार नवीन संसारावर मोठाच होता.

आमचं काय, ते इथे सांगते. डिसेंबरपासून व्हिला भरल्या. मालेहून येणाऱ्या माणसांना वेगळं ठेवायला गार्डन व्हिला उरल्या नाहीत. मग स्टाफ क्वार्टरमधलीच एक खोली, चार पलंगांची, पंखा आणि एक छोटी खिडकी. संशयित, पॉझिटिव्ह आणि नुसतेच नव्याने आलेले, अशी तिन्ही प्रकारची माणसं एका आठवड्यात त्याच खोलीत राहून गेली. पाहुण्यासाठी आयसोलेशनच्या व्हिला राखून ठेवाव्या लागत होत्या आणि तपासणीला येणारे त्या मोजायचे. आमची खोली कुणी मोजायला आलं नाही. आयसोलेशनमधले दिवस रजेत धरले गेले, त्यामुळे घसा दुखला तरी लोक सांगेनासे झाले. लाँड्रीतला एक मुलगा ताप अंगावर काढून काम करत राहिला, आणि नंतर लाँड्रीच्या लाँड्रीला लागण झाली. मी त्या मुलाला दोष देणार नाही.

लस आली ती भारतातून. जानेवारी 2021 च्या 20 तारखेला कोविशील्डचे एक लाख डोस मालेत उतरले, पुण्यात बनलेले. बातमी पाहून स्टाफ मेसमध्ये सगळे माझ्याकडे वळून टाळ्या वाजवायला लागले, जणू मीच ते बनवले होते, आणि मला खरोखर भरून आलं. पर्यटनातल्या माणसांना सरकारने पुढे घेतलं. एप्रिलच्या मध्यापर्यंत त्यांच्यातल्या नव्वद टक्क्यांना पहिला डोस मिळाला होता. त्या बाबतीत या छोट्या देशाने मोठ्या देशांपेक्षा चोख काम केलं.

माझ्या शेजारी बसणारा सहकारी माफुशी या लोकवस्तीच्या बेटावरचा. त्याच्या भावाचं तिथे पाच खोल्यांचं गेस्टहाउस आहे. लोकवस्तीच्या बेटांवरची गेस्टहाउसं रिसॉर्टनंतर तीन महिन्यांनी, 15 ऑक्टोबरला उघडली. गावात पर्यटक येणार, मशिदीत म्हातारी माणसं असणार, तेव्हा उशीर करणं समजण्यासारखं होतं. पण कर्ज काढून बांधलेल्या खोल्यांचे हप्ते थांबले नव्हते. पुढे भारतातली दुसरी लाट आली तेव्हा 27 एप्रिल 2021 पासून भारतीय पर्यटकांना आधी त्या बेटांवरच बंदी आली. रिसॉर्ट तेव्हाही चालू राहिले. ज्यांच्याकडे साठवलेलं काही नव्हतं त्यांचं दार शेवटी उघडलं आणि आधी बंद झालं. पर्यटनाचा पैसा थेट गावात जातो तो गेस्टहाउसमधून, म्हणून मला हे जास्त लागतं.

मेमध्ये मालदीवमध्येच रोज हजाराहून जास्त रुग्ण सापडायला लागले, जेमतेम साडेपाच लाखांच्या देशात. 13 मेपासून दक्षिण आशियातून येणाऱ्यांचे व्हिसा थांबवले. ही बंदी पर्यटकांपुरती नव्हती, वर्क परमिटवाल्यांनाही होती. आमचे रजेवर गेलेले भारतीय, बांगलादेशी, नेपाळी सहकारी तिकडेच अडकले, बिनपगारी. इकडे उरलेले दुप्पट पाळ्या करत राहिले. माझी मंजूर झालेली रजा मी रद्द केली, कारण गेले असते तर परत येता आलं नसतं. सांगलीत तेव्हा ऑक्सिजनच्या बेडसाठी धावपळ चालली होती आणि मी इथे रशियन पाहुण्यांना वेलकम ड्रिंक देत होते. त्या दिवसांबद्दल याहून जास्त लिहवत नाही.

15 जुलै 2021 ला, सीमा उघडल्याला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी, दक्षिण आशियाई पर्यटकांसाठी व्हिसा पुन्हा सुरू झाले. त्याआधीच आम्ही विभागांतल्या काही जणांनी मिळून व्यवस्थापनाला लेखी दिलं होतं. मागण्या तीन : आयसोलेशनचे दिवस रजेत धरू नयेत, पॉझिटिव्ह आणि नवीन आलेल्यांच्या खोल्या वेगळ्या असाव्यात, आणि ज्याची टेस्ट व्हायची आहे त्याला कामावर बोलावू नये. पहिल्या दोन मान्य झाल्या. स्टाफ क्वार्टरच्या टोकाच्या दोन खोल्या रिकाम्या करून एकेक पलंग टाकला, खिडक्यांना जाळ्या बसवल्या. तिसरीवर हंगाम संपेपर्यंत 'बघू' हेच उत्तर होतं. अडकलेले सहकारी ऑगस्टपासून एकेक करत परतले आणि त्या दोन खोल्यांतून कामावर आले. मुंबईची जोडपीही यायला लागली, आणि माहेरच्या नावाचा तो मेसेज मी पुन्हा पाठवायला घेतला.