मगरीच्या पोटातला टाइमपीस

रविवारी दुकान बंद. मुलीचा मुलगा सुट्टीला आलेला, चौथीत आहे. टीव्हीसमोर असा आ वासून बसला होता की चहा निवला तरी हलेना. “काय बघूलालास रे?” म्हणत शेजारी टेकलो, तो उठलोच नाही.

कॅप्टन हूक, समुद्रावरचा चाचा म्हणजे लुटारू. डिस्नेचा १९५३ सालचा पीटर पॅनचा चित्रपट. पायाला हात लावावा असा खलनायक नव्हे. गाणं म्हणणाऱ्या आपल्याच खलाशाला ऐन तानेत गोळी घालतो. पण टिकटिक ऐकू आली रे आली, की हा लाल झगेवाला थेट आपल्या मदतनीस स्मीच्या कडेवर! पीटर या पोराने त्याचा हात तोडून मगरीला घातला, तिला चव आवडली, आता उरलेला कॅप्टन हवाय. वाटेत तिने गजराचं घड्याळ गिळलंय, म्हणून ती आली की आधी आवाज येतो.

नातू हसून लोळत होता. मी मात्र अडलो. चाळीस वर्षं बेळगावच्या गणपत गल्लीत घड्याळं उघडतोय. रोजच्या चावीचा टाइमपीस फार तर दीड दिवस चालतो. मगरीला चावी कोण देतं? आणि आत पाणी गेल्यावर बॅलन्स, म्हणजे टिकटिक चालवणारं चाक, काय अवस्थेत असेल? वेदगंगेच्या पुरात बुडालेली घड्याळं निपाणीकडून यायची माझ्याकडे, उघडली की चहाच्या रंगाचा गंज.

मग मुलीने सांगितलं की मूळ लेखक जे. एम. बॅरीला हे सुचलं होतं. नाटक १९०४चं, कादंबरी १९११ची. तिथे स्मी कॅप्टनला बजावतो की एक दिवस घड्याळाची चावी संपेल आणि मग ती तुम्हाला गाठेल. हूकची खरी भीती तीच. पुढे घड्याळ बंद पडतंही, आणि पीटर तोंडाने टिकटिक करत जहाजावर चढतो. घड्याळजीला न विचारता या माणसाने बरोबर लिहिलंय! चित्रपटात हे गाळलं, मला नाही पटलं. हूक ज्या आवाजाला घाबरतो, त्याच आवाजावर तर तो जगतोय. मी त्याच्या जागी असतो तर मगरीला रोज चावी द्यायला माणूस ठेवला असता.

चित्रपटवाल्यांनी एक गंमत मात्र झकास केली. नाटकात विष आहे, इथे हूक पीटरला भेट म्हणून टाइमबॉम्ब पाठवतो, सहा वाजेपर्यंत उघडू नये अशी चिठ्ठी लावून. घड्याळाने ज्याची झोप उडवली, तो दुसऱ्याच्या हातात घड्याळच देतो. असा दुष्टपणा हिशेबी माणसालाच सुचतो.

त्याचे हातही मी बघत होतो, धंद्याची खोड. बॅरीचा हूक उजव्या हाताचा थोटा, यांचा डाव्या हाताचा. चित्रकारांना हावभावाला उजवा मोकळा हवा होता म्हणे. बरं केलं, त्या बोटांचा नखरा बघण्यासारखा आहे. आवाज हान्स कॉनरीड यांचा, आणि गोष्टीतल्या मुलांच्या बापाचाही त्यांचाच. नातवाला हे सांगितलं तर म्हणाला, “मग तुम्ही ओरडता तेव्हा पण तसंच वाटतंय की ओ.” घ्या.

(आमच्या कान्होजी आंग्र्यांनाही इंग्रज चाचाच म्हणायचे. त्यामुळे हा शब्द मी जरा जपूनच वापरतो.)

रात्री तो माझ्या खोलीत झोपला. उशाशी माझा जुना टाइमपीस असतो, त्याच्याशिवाय मला झोप नाही. टीव्हीच्या नादात त्या दिवशी चावी द्यायची राहिली. पहाटे टिकटिक थांबली तशी जाग आली. अंधारात बघतो तर हाही उठून बसलेला, पांघरूण नाकापर्यंत.

“आजोबा, मोसळे आली काय?”

शाळेतल्या कन्नडमुळे मगरीला तो मोसळेच म्हणतो.

“नाही रे,” म्हटलं, आणि दिवा न लावताच चावी फिरवली.