आप्पांच्या ताटातले दोन तुकडे

रविवार, नवापूर

आज दोन महिन्यांनी घरात डुकराचे मटण शिजले. आप्पांचा मूत्रपिंडाचा आजार चौथ्या टप्प्यावर पोहोचल्याचे कळले त्याच दिवशी मी ते बंद केले होते, आणि बंद करताना त्यांना एका शब्दानेही विचारले नव्हते, याचे मला आज फार वाईट वाटले.

नंदुरबारच्या आहारतज्ज्ञ बाईंनी गेल्या आठवड्यात हिशेब समजावून सांगितला. आप्पांचे वजन ६० किलो असून डायलिसिस अजून सुरू झालेले नाही, म्हणून त्यांना दिवसाला साधारण ४० ग्रॅम प्रथिने पुरेशी आहेत. बिनचरबीच्या शिजलेल्या १०० ग्रॅम मटणातच त्यातली सुमारे २७ ग्रॅम येतात, तेव्हा ५० ग्रॅम खायचे आणि त्या दिवशी डाळ व अंडी टाळायची. ताज्या मटणात मुळात मीठ थोडेच असते. जपायचे ते सॉसेज आणि हॅमपासून, कारण त्यांत मीठ भरपूर असते आणि बरेचदा फॉस्फेटही घातलेले असते, जे शरीर जवळजवळ सगळे शोषून घेते.

आमच्या घरी खरी अडचण रश्श्याची आहे. आजारी मूत्रपिंडांना पोटॅशियम आणि फॉस्फरस नीट बाहेर टाकता येत नाहीत; मटण शिजताना त्यातले हे दोन्ही पाण्यात उतरतात, आणि आम्ही तर त्याच पाण्यात भाजलेला कांदा, सुके खोबरे आणि काळा मसाला वाटून घालतो व वाटीवाटीने पितो. आज माईने चरबी काढून टाकली, तुकडे लहान केले, ते उकळून पहिले पाणी मोरीत ओतले आणि मगच फोडणी दिली. ते पाणी ओतताना तिचा हात क्षणभर थांबला होता. खोबरे तिने निम्मेच घेतले आणि आप्पांच्या तुकड्यांना मीठ अगदी चिमूटभर लावले. काकूंनी प्रेमाने आणून दिलेले कमी सोडियमचे मीठ मात्र मी वापरू दिले नाही, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते आणि आप्पांचे पोटॅशियम मागच्या तपासणीत ५.४, म्हणजे आधीच जास्त आले होते. मटण पूर्ण शिजले की नाही हे माईने एक तुकडा मधोमध तोडून पाहिले. डुकराच्या मटणाच्या बाबतीत ती नेहमीच इतकी काटेकोर असते.

काट्यावर दोन तुकडे ५२ ग्रॅम भरले. तांदळाच्या भाकरीवर मी दोन चमचे रस्सा घातला, एरवी आप्पा अख्खी भाकरी त्यात कुस्करतात. त्यांनी पहिला घास बराच वेळ चावला, मग माईकडे पाहून विचारले, "आज खोबरं कमी आहे का गं?" माईने हो म्हटले. त्यांनी मान हलवली आणि उरलेल्या भाकरीने ताट निपटून घेतले.